कंसातली मिठी

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या इमारतीच्या हॉलमध्ये नाट्यवाचन असतं. यावेळी प्रेमाचं नाटक होतं. नायिका मी, नायक वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर, आणि कंसातल्या सूचना वाचायला आमचे हे. वाचनात कुणी खुर्चीवरून हलतसुद्धा नाही, तरी ह्यांचं तोंड पहिल्या पानापासून एरंडेल प्यायल्यासारखं.

दुसऱ्या अंकात ‘तो तिला घट्ट मिठी मारतो’ अशी सूचना आली. ह्यांनी घसा खाकरला आणि खुशाल वाचलं, "तो लांबूनच तिच्या तब्येतीची चौकशी करतो."

डॉक्टर गडबडला. मी मात्र माझं पुढचं वाक्य छापलं होतं तसंच, मस्त लाजून वाचलं.



"इश्श, सोड ना आता, श्वास कोंडला माझा!"