अकाउंटचा राहिलेला पेपर

शाकीरने मोबाइल बंद केला आणि अम्मीच्या हातात दिला.

“पेपर होईपर्यंत देऊ नको. मी मागितला तरी.”

जाहेदाने तो पेटीत ठेवला आणि कुलूप लावलं. पोरगं यंदा मार्गाला लागलं, याचंच तिला समाधान होतं.

मागच्या वर्षी शाकीरचा अकाउंटचा पेपर राहिला होता. वर्षभर तो आणि प्रेमदास वारंगा फाट्यावरच्या हॉटेलात बसायचे. एक चहा, मग दुसरा, मग नांदेडकडे जाणाऱ्या गाड्या बघत गप्पा. पुस्तक उघडायचं ते परीक्षा तोंडावर आल्यावर. दोघंही नापास झाले. प्रेमदासने ते हसण्यावारी नेलं. शाकीरला मात्र अम्मीकडे बघवलं नव्हतं.

यंदा त्याने सगळंच बदललं. पहाटे डोकं ताजं असतं, तेव्हा गणितं. दुपारी वाचन. संध्याकाळी वाचलेलं न बघता लिहून काढायचं. चहा घरीच. आणि प्रेमदास बंद.

हे सांगायला तो मुद्दाम फाट्यावर गेला होता.

“पेपर होईपर्यंत मला भेटू नको.”

“काहून? मी काय केलं?”

“तू काहीच करत न्हाईस, तेच. तुझ्यापायी माझं वर्ष गेलं.”

प्रेमदासने कप खाली ठेवला. मग म्हणाला, “बरं.”

तरी तो एकदा घराकडे आलाच. शाकीर मागच्या दाराने निघाला आणि गावाबाहेरच्या तुरीत जाऊन बसला. तूर डोक्याच्या वर गेलेली होती. आत बसलं की बांधावरून जाणाऱ्यालाही माणूस दिसत नव्हता. त्या दिवशी अभ्यास असा झाला, की पुढे तो रोजच तिथे बसू लागला. कुठे बसतो, हे त्याने अम्मीलाही सांगितलं नाही.

वेळापत्रकात पेपर दुपारचा होता. जाहेदा बांगड्या घेऊन सकाळीच आखाडा बाळापूरच्या बाजाराला गेली. शाकीर तुरीत बसून शेवटची उजळणी करत होता, तेवढ्यात बांधावर मोटारसायकल थांबली.

“शाकीर! अरे शाकीर!”

प्रेमदासचा आवाज. शाकीरने पुस्तकातून मान वर केली नाही. आज पेपरच्या दिवशीही याला गप्पा सुचतात! हाका कधी विहिरीकडून आल्या, कधी ओढ्याकडून. मग लांब गेल्या आणि थांबल्या. आपण उठलो नाही, याचं शाकीरला बरं वाटलं. मागच्या वर्षीचा शाकीर पहिल्या हाकेलाच उठला असता.

दुपारी तो वेळेच्या बराच आधी कॉलेजवर पोचला. फाटकातून पोरं बाहेर पडत होती. वर्गातली प्रतिक्षा समोर आली.

“तू कुठं होतास? तुझा बाक रिकामा होता.”

“म्हणजे?”

“पेपर सकाळी घेतला ना. रात्री ग्रुपवर मेसेज आला होता.”

शाकीरच्या कानात सकाळच्या हाका घुमू लागल्या. तो तिथेच पायरीवर बसला. प्रतिक्षा काहीतरी बोलत होती, ते त्याला ऐकू येत नव्हतं. एक हाक दिली असती तर? नुसतं “ओ” म्हटलं असतं तर? आता पुन्हा वर्षभर थांबायचं. अम्मीला काय सांगायचं?

मान वर केली तेव्हा फाटकाजवळ प्रेमदास उभा होता. पँट गुडघ्यापर्यंत कुसळांनी भरलेली, चेहरा उन्हाने लाल झालेला. शाकीरला बघताच तो धावत आला.

“घरी गेलो तर कुलूप. फोन बंद. सगळं शिवार पालथं घातलं मी. कुठं होतास तू?”

शाकीरला खरं सांगवेना.

“जाऊ दे,” तो म्हणाला. “माझं गेलं ते गेलं. तुझा तरी पेपर बरा गेला का?”

प्रेमदासने कुसळं झटकायला हात खाली नेला आणि तसाच थांबला.

“मी कुठून देणार? मी आत्ता तुझ्या गावाहूनच येऊन राहिलो.”