धर्मशाळेचा नियम

"शंभर वर्षं जुनी धर्मशाळा हाय, आबा. दगडी भिंती, भर उन्हायात थंडगार. फक्त संडास जरा लांब हाय."

"चालते रे. तू काहून फिकर करतं?"

आबा दवाखान्यासाठी धनजहून वाशीमला आले होते. माझं घर धर्मशाळेपासून दोन गल्ल्यांवर होतं. त्यांना घरी ठेवायचं नाही, हे आम्हा नवरा-बायकोचं ठरलं होतं.

मॅनेजरने रजिस्टर उघडलं. "बाबाजी, वाशीमात कोणी नातेवाईक? असला तं खोली भेटत नाही. पहिलेपासून नियम हाय."

मी खाली पाहिलं.

"कोणी नाही," आबा म्हणाले.

"मंग हे कोण?"

"ऑटोवाले व्हय. स्टँडावून आणून सोडलं."

माझ्या हातातली पिशवी घेऊन ते मला म्हणाले, "जा भाऊ तुमी आता. घरचे वाट पाहून राह्यले असतील."