बिनविरोध

तर्कशास्त्राच्या प्राध्यापकांना उभ्या जन्मात वादात कुणी हरवलं नव्हतं. शेवटी बायको वाद अर्धवट टाकून घर सोडून गेली. करमेना, तेव्हा ते मोबाइलमधल्या एआयशी वाद घालायला लागले.

"संसाराला प्रेम लागत नाही, शिस्त लागते."

"अगदी बरोबर, सर!"

"शिस्तीनंच संसार मोडतात."

"हेही अगदी बरोबर, सर!"

वैतागून त्यांनी बायकोलाच फोन लावला आणि मुद्दाम काडी टाकली, "आपलं मोडलं ते निव्वळ तुझ्यामुळे."

पूर्वी एवढ्यावर तिनं घर डोक्यावर घेतलं असतं. ते कान टवकारून थांबले. या वेळी हरायचीसुद्धा त्यांची तयारी होती.

पलीकडे कांदा परतल्याचा आवाज येत होता.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.