खडूची खूण

"मशीनला हात लावायचा नाही म्हणजे नाही! शाळेत टिकला नाहीस, इथे काय दिवे लावणार?" मामा सगळ्यांसमोर ओरडला.

"मग काय जन्मभर ढलप्याच झाडू?" मीपण आवाज चढवला.

आमचं मशीन ठोकळे फोडून, तासून छपरासाठी लाकडी कौलं काढतं. प्रत्येक ठोकळा मामा आधी नीट बघतो, मग त्यावरून हात फिरवतो आणि खडूने खूण करतो. खूण नसलेला ठोकळा मशीनमध्ये जात नाही. त्या दिवशी माझं डोकं इतकं फिरलं होतं, की खिळा रुतलेला एक ठोकळा मी उचलला, त्यावर हुबेहूब मामासारखी खूण केली आणि त्याच्या थप्पीत सरकवला.

खाडकन पातं तुटलं. नशीब, कुणाला लागलं नाही. आता मामा माझी सालटी काढणार म्हणून मी तयारच होतो. पण तो खाली बसला आणि एकदा खिळ्याकडे, एकदा खडूच्या खुणेकडे बघत राहिला.

आज नवीन पातं बसलं. मामाने मशीनची किल्ली माझ्या हातात ठेवली. "एवढा मोठा खिळा दिसला नाही रे मला. डोळे गेले माझे. यापुढे तूच चालव."

 

ती खूण माझी होती, हे मी अजून मामाला सांगितलेलं नाही. मामा तिकडे ढलप्या झाडतोय आणि मशीन सुरू कर म्हणून मला हाका मारतोय, जातो आता.