दादा नावाचा फोल्डर

नव्या डब्यात सगळं गेलं होतं. एक फोल्डर सोडून.

स्वप्नालीनं त्याच्यापुढची टिक स्वतःच्या हातानं काढली होती. फोल्डरवर इंग्रजी अक्षरांत नाव होतं, दादा. तिनं तो उघडूनही बघितला नाही. ज्याचं तोंड बघायचं नाही त्याचे फोटो तरी कशाला बघायचे?

डबा म्हणजे घरातल्या सगळ्यांचे फोटो, व्हिडिओ, कागदपत्रं साठवणारं यंत्र. वायफायच्या शेजारी बसून असायचं. मांजर्लीतल्या ह्या घरात पुराचं पाणी शिरलं तेव्हा आईनं बाकी सगळं सोडून आधी डबा उचलला आणि पलंगावर चढून बसली. तरी त्यानं ओल धरलीच. हल्ली मधेच बंद पडायचा, म्हणून नवा आणला. जुन्यातली डिस्क मात्र ठणठणीत होती. नव्याला दोन खाचा. एकीत कोरी डिस्क, तिच्यावर आधी सगळं उतरवून घ्यायचं. मग जुनी डिस्क काढून दुसऱ्या खाचेत बसवायची. नवा डबा ती साफ पुसतो आणि पहिलीची नक्कल तिच्यावर चढवतो. जे पहिलीवर उतरलं नाही, ते कायमचं गेलं.

हे तिला पक्कं माहीत होतं. म्हणूनच तर टिक काढली.

गेल्या वर्षी पप्पा गेले. त्यांची, म्हणजे धोंडिबांची, गायन पार्टी होती, भीमजयंतीला अंबरनाथपासून उल्हासनगरपर्यंत बोलावणं असायचं. त्या गाण्यांच्या कॅसेट कपाटात होत्या. घरात अजून पाहुणे होते, आणि थोरल्या भावानं, धम्मदीपनं, त्यांची पिशवी उचलली. ‘दादांच्या कॅसेट मी नेतो,’ एवढंच बोलला. बापाला दादा म्हणायची त्याची लहानपणाची सवय, चाळीतल्या काकांचं ऐकून लागलेली. विचारलं नाही, नुसतं सांगितलं, आणि सोनिवलीच्या नव्या फ्लॅटवर निघून गेला.

स्वप्नालीनं किती वेळा मागितल्या. दर वेळी ‘बघतो’. शेवटी तिनंच बोलणं टाकलं. तिच्या फोनमध्ये पप्पांचा आवाज म्हणून एक मेसेज उरला होता. ‘पोचलीस का गं?’ बस. ऐकून ऐकून त्यातली पंख्याची घरघरही तिला पाठ झाली होती. ज्यांनी मांडीवर बसवून गाणी शिकवली त्यांचं एक गाणं तिच्याकडे नव्हतं, आणि ह्या हरामखोराकडे पिशवीभर होती. ठेव दाबून. तुझं लग्न, तुझ्या पोराचा पहिला वाढदिवस, सगळं ह्या डब्यात आहे आणि डबा माझ्या घरात आहे.

तिची आई, सुंदराबाई, तिथेच बसून डाळ निवडत होत्या. परवा पप्पांचं पहिल्या वर्षाचं पुण्यानुमोदन होतं.

‘मंगळवारी धम्मा येऊन गेला,’ त्या म्हणाल्या. ‘तू ड्युटीवर होतीस. डब्यात कायतरी टाकलं त्यानं. बोलला, स्वप्नीला सांगू नको.’

‘मग सांगतेस कशाला?’

‘पोटात राहत नाय माझ्या.’

बघा. बहिणीशी बोलायला तोंड नाही, आणि आपला कचरा टाकायला बहिणीचा डबा. तोही चोरून. स्वप्नालीच्या मनात जी काही थोडी चुटपुट होती तीही गेली.

तिनं जुनी डिस्क दुसऱ्या खाचेत सरकवली. स्क्रीनवर सूचना आली. ह्या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही, पुढे जायचं का? तिनं ‘यस’ दाबलं. सूड घ्यायला कोयता लागतो असं कोण म्हणतं? एक बोट पुरतं. डबा घुमायला लागला, आणि तिला कधी नव्हे ती कडकडून भूक लागली. ती पोटभर जेवली.

संध्याकाळी डब्यावरचा दिवा हिरवा झाला. आता धम्मदीपला कळायला हवं होतं. ज्याचा घेतला त्यालाच कळला नाही तर तो सूड काय कामाचा? बोलणं टाकल्यापासून पहिल्यांदा तिनं स्वतःहून फोन लावला.

त्यानं लगेच उचलला. ‘स्वप्ने, मीच करणार होतो. परवा कार्यक्रमात टीव्ही लागेल आपल्याला...’

‘मी बोलते, तू ऐक. नवा डबा लावला. तुझा फोल्डर त्यात घेतला नाही. जुनी डिस्क पुसून टाकली.’

‘कुठला फोल्डर?’

‘दादा. आता बस बोंबलत.’

त्याला असं काहीतरी ऐकवायला ती कधीची थांबली होती. तिला बरं वाटलं, खरंच बरं वाटलं.

‘दुसरीकडे कॉपी असेल ना?’ त्यानं विचारलं.

‘नाही. मुद्दाम ठेवली नाही. तू दिल्यास का कॅसेट?’

‘त्यांना बुरशी धरली होती गं. कोणी हात लावेना. शेवटी उल्हासनगरला, कॅम्प दोनमध्ये, एक सिंधी दुकानदार तयार झाला. बोलला, एक बार चलेगी, फिर टूट जाएगी. एकदाच चालल्या. मग तुकडे. त्याचा पेन ड्राइव्ह परत द्यायचा होता, म्हणून पहिलं डब्यात आणून टाकलं. वाटलं, डब्यात सेफ राहील.’

तिचं लक्षच नव्हतं. ‘तुझं पुराण मला नको सांगू. तुझं लग्न गेलं, पोराचे फोटो गेले, त्याचं बोल.’

‘माझं सगळं मी सोनिवलीला आलो तेव्हाच काढून आणलं. त्या फोल्डरमध्ये माझं काय असणार?’ धम्मदीप म्हणाला. ‘दादांची गाणी होती, स्वप्ने. तुझ्या पप्पांची.’