अकरा वाचकांची गोष्ट

“अर्धवट गोष्ट आपण देत नाही, किनुएसान. नियम तुमचाच आहे.”

“माझाच आहे, म्हणून तर मोडतेय,” किनुए म्हणाली आणि तिने टोस्टचा तुकडा अर्धकच्च्या अंड्यात बुडवला.

नागाओका स्टेशनसमोरच्या कॉफीच्या दुकानात दर शनिवारी सकाळी दोघी भेटत. किनुए एकसष्ट वर्षांची, शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली. चिनात्सु तिच्या निम्म्या वयाची, चष्म्याच्या दुकानात नोकरीला. ॲनिमे मालिकांच्या चाहत्यांनी लिहिलेल्या कथा इंटरनेटवर लाखांनी पडलेल्या असतात. त्यातल्या वाचण्याजोग्या तीन निवडून दोघी दर रविवारी आपल्या पानावर देत. नऊ हजार माणसं त्या निवडीची वाट बघत.

या वेळची तिसरी गोष्ट चार वर्षांपूर्वी एकोणिसाव्या प्रकरणावर थांबली होती. वाचक अकरा.

“लोक शिव्या घालतील. एवढा विश्वास कमावलाय आपण.”

“तू वाचलीस?”

“अर्धवट आहे म्हटल्यावर कशाला वाचू?”

किनुएने आपला फोन तिच्यापुढे सरकवला. “वाच. मग भांड.”

मूळ मालिका चिनात्सुला पाठ होती. त्यातला नावाडी तिसऱ्या भागात एकदाच येतो, नायिकेला पैलतीरी सोडतो, दोन वाक्यं बोलतो आणि संपतो. या लेखिकेने त्यालाच धरलं होतं. रिकामी नाव घेऊन त्याचं परत येणं, एकट्याचं जेवण, बावीस वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली त्याची मुलगी.

सातव्या प्रकरणापर्यंत चिनात्सुने तोंड वाकडं ठेवलं. मग ती फोनवर ओणवली. कॉफी निवून गेली. चष्म्याचं दुकान उघडायची वेळ झाली तेव्हा तिने मालकांना फोन करून दाढ दुखतेय म्हणून सांगितलं आणि पुन्हा वाचू लागली. किनुएने दुसरा टोस्ट मागवला, तोही संपवला.

बाराच्या सुमारास चिनात्सुने फोन टेबलावर आपटला. “हे काय? मुलीच्या दारासमोर उभा आहे, हात वर केलाय, आणि पुढे काहीच नाही? दार वाजवतो की नाही?”

“हळू. फोन माझा आहे.”

“किनुएसान!”

“तीन आठवडे मी तेच विचारतेय. एकटीच. आता दोघी झालो.”

चिनात्सुने स्वतःचा फोन काढला. मग तिनेच पानासाठी लिहायला घेतलं: ‘ही कथा अपुरी आहे. पुढचं प्रकरण कदाचित कधीच येणार नाही. तरीही वाचा. राग आला तर आमच्यावर काढा. आवडली तर लेखिकेला कळवा.’

“‘कदाचित’ ठेवू?”

“ठेव. आपल्याला तरी कुठे ठाऊक आहे?”

रविवारी रागाचे सतरा निरोप आले. दोघे-तिघे तर पान सोडूनच गेले. आणि बुधवारपर्यंत त्या कथेखाली सहाशे चाळीस जणांनी एकच प्रश्न विचारला होता.

गुरुवारी लेखिकेचं उत्तर आलं. किनुएने लगेच चिनात्सुला फोन लावला आणि ते वाचून दाखवलं: ‘मी ओबिहिरोला गाईंच्या गोठ्यावर काम करते. पासवर्ड शोधण्यातच दोन दिवस गेले. अकरा जणांसाठी लिहीत होते, मग वाटलं, तेही गेले असतील. तो दार वाजवतो की नाही, मलाच अजून ठाऊक नाही. लिहून बघते.’



“आणि विसावं प्रकरण वाईट निघालं तर?” चिनात्सुने विचारलं.

“तर तसं स्पष्ट लिहू,” किनुए म्हणाली. “पण आधी तिला लिहू तर दे.”