निरोगी नळी

२००८ सालची गोष्ट. रक्तावर प्रकाश टाकून कॅन्सरची खूण शोधणारं यंत्र सून बनवत होती. तुलनेला निरोगी रक्त हवं म्हणून तिनं सासूबाईंचं घेतलं.

"इतकी वर्षं नुसतं प्यायलीस, आता नळीत भरून ने," सासूबाई म्हणाल्या.

यंत्रानं नेमकी त्याच नळीत खूण दाखवली. सुनेनं दिवा बदलला, रक्त ठेवायची काचपट्टी बदलली, तरी तेच.

"तुमच्या रक्तात खूण दाखवतंय. यंत्रच चुकतंय, आई," घरी येऊन ती म्हणाली.

सासूबाईंनी तिच्याकडे नीट पाहिलं. "माझ्यासाठी स्वतःची सगळी मेहनत खोटी ठरवतेस? चल, डॉक्टरकडे जाऊ."

गाठ लहान होती, ऑपरेशननं निघाली. यंत्र पुढे जुनं होऊन अडगळीत पडलं. सासूबाईंना त्यांच्या लेकीनं कितीदा आपल्या घरी बोलावलं, पण सुनेशी भांडायचं सोडून त्या कुठे राहायला गेल्या नाहीत.